ओल सरते तेव्हा बोंड भरत असते
(कृषिमंत्र्यांना खुले पत्र)

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,


दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या खात्याच्या खरीप आढावा बैठका होतात. त्यांत कापसाविषयी जे विचारले जाते ते बहुतेक पुरवठ्याचे असते. बियाण्याची पाकिटे किती लागतील, खताचे रेक वेळेवर लागतील का, बोगस बियाण्यावर किती छापे पडले. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरवर, म्हणजे देशातल्या कपाशीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर उभे राहणारे हे पीक हेक्टरी ३०० ते ४०० किलो रुईपाशीच का अडून बसले आहे, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. देशाची सरासरी ४५० किलोंच्या आसपास आहे आणि जगाची ७५० ते ८०० किलोंच्या घरात. गेल्या दोन दशकांत पाकिटे वाढली, युरिया वाढला, फवारण्या वाढल्या. विदर्भ-मराठवाड्याचा उतारा मात्र पावसाबरोबर खाली-वर होत तिथेच घुटमळला. ज्या वस्तू वाढवूनही फळ वाढत नाही, त्यांच्यात अडचण नसावी, अशी शंका आता घ्यायला हवी. या पत्रात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. आपल्या कोरडवाहू रानात जमिनीतली ओल जितके दिवस टिकते त्याहून कितीतरी अधिक दिवस मागणारे झाड आपण लावतो, आणि उत्पादकतेचा सर्वांत मोठा तोटा या विसंगतीतून होतो. बियाणे, खत, औषध, मजुरी हे सगळे घटक महत्त्वाचे खरे, पण त्यांचा परिणाम या एका गोष्टीच्या मर्यादेत राहूनच होतो.

आधी ओलीचा हिशेब करू. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला पोचतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. राज्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास कपाशी या पावसावरच आहे. पाऊस गेल्यावर झाड जगते ते जमिनीने धरून ठेवलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी किती हे मातीच्या खोलीवर ठरते. मीटरभर खोल भारी काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरते. खाली मुरूम असलेल्या हातभर खोलीच्या जमिनीत ते पन्नास-साठ मिलिमीटरच मावते. ऑक्टोबरच्या उन्हात भरात आलेली कपाशी दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवते. म्हणजे भारी जमिनीतले झाड पाऊस उघडल्यावर महिना-सव्वा महिना तग धरते, तर हलक्या जमिनीतले पंधरवड्यात कोमेजू लागते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पेरलेल्या कपाशीला हलक्या रानात फार तर ११५ ते १२० दिवसांची ओल मिळते. आता झाडाचा हिशेब पाहा. कपाशीला पहिले फूल यायला सुमारे साठ दिवस लागतात आणि फूल लागल्यापासून बोंड फुटेपर्यंत आणखी पंचेचाळीस ते पन्नास. सप्टेंबरच्या उत्तरार्धात धरलेले बोंड नोव्हेंबरच्या मध्याला फुटणार आणि त्याच्या भरण्याचे दिवस नेमके ऑक्टोबरच्या कोरड्या पंधरवड्यांत येणार. संकरित बीटी वाणांची बहुसंख्य बोंडे याच काळात लागतात. पातेगळ होते, उरलेली बोंडे बारीक राहतात, कवडी कापूस निघतो. शेतकरी त्याला पावसाचा खंड म्हणतो, दुकानदार अन्नद्रव्याची कमतरता सांगून आणखी एक बाटली देतो. झाड मात्र त्याच्या उपजत वेळापत्रकानेच वागत असते.

हे वेळापत्रक आले कुठून, तेही पाहिले पाहिजे, कारण यात शेतकऱ्याची काही चूक नाही. कपाशीचा पहिला व्यापारी संकर, एच-४, सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी तयार केला आणि तो १९७० साली प्रसारित झाला. हाताने परागीकरण करून बियाणे बनवायचे, म्हणून ते महाग. महाग म्हणून एकरी कमी झाडे लावायची. आणि झाडे कमी म्हणून प्रत्येक झाड मोठे, पसरट आणि दीर्घकाळ फुलणारे हवे. पाणी असलेल्या गुजरातच्या रानात हे गणित बसत होते. जगातले बाकीचे बहुतेक मोठे कापूस-उत्पादक देश मात्र सरळ वाणांवरच राहिले. अमेरिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया यांच्याकडे संकरित कपाशी जवळजवळ नाहीच. आपल्याकडे २००२ साली बीटी जनुक आले ते संकरित वाणांच्याच पोटातून, आणि पुढच्या दहा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र संकरित झाले. म्हणजे बीटीबरोबर विदर्भाच्या बरड रानात आणखीही काही शिरले. विरळ लागवड आणि लांब हंगाम. ९० बाय ६० सेंटिमीटरवर हेक्टरी साडेअठरा हजार झाडे बसतात. हेक्टरी पस्तीस क्विंटल कापूस हवा असेल आणि बोंड चार ग्रॅमचे धरले, तर प्रत्येक झाडाला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस बोंडे टिकवावी लागतील. त्यासाठी तीन महिने फुलत राहणे आले. तेच ९० बाय १० सेंटिमीटरवर हेक्टरी एक लाख अकरा हजार झाडे बसवली, तर झाडामागे आठ बोंडे पुरतात, आणि आठ बोंडे आटोपशीर झाड चार आठवड्यांत धरते. ऑगस्टच्या उत्तरार्धात धरलेले बोंड ऑक्टोबर संपता संपता हाती येते. हे कागदावरचे गणित आहे, रानात तेवढे पडणार नाही, हे मान्य. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला पस्तीस क्विंटलांचा आकडा दुय्यम आहे. ओल संपायच्या आत बोंडे भरून झाली की नाही, हे त्याच्यासाठी मोलाचे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. बीटीने उत्पादन वाढवले हे साऱ्या देशाने पाहिले, मग त्याच वाणांना दोष का? आक्षेप फुसका नाही. काथागे आणि कैम या अभ्यासकांनी २००२ ते २००८ या काळातल्या पाहणीवरून, बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध केला. बीटीने हिरव्या बोंडअळीचा कहर आटोक्यात आला, हेही खोटे नाही. पण पुढचा काळही मोजायला हवा. देशाची सरासरी २००७-०८ आणि २०१३-१४ या वर्षांत साडेपाचशे किलोंच्या पुढे गेली आणि तिथून घसरली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० साली ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात वीस वर्षांचे आकडे एकत्र मांडले. सुरुवातीच्या वाढीचा मेळ बीटीच्या प्रसारापेक्षा खतांचा वाढलेला वापर, सिंचन आणि नवी कीटकनाशके यांच्याशी अधिक बसतो, आणि कीटकनाशकांवरचा हेक्टरी खर्च बीटी येण्यापूर्वीपेक्षाही वर गेला, असे त्यांनी दाखवले. या दोन निष्कर्षांत कोण किती बरोबर हा वाद चालू राहील. माझ्या मुद्द्यासाठी तो सुटण्याची गरज नाही. जनुक अळीपासून बोंड वाचवते. बोंड भरायला लागणारे पाणी ते आणू शकत नाही. बीटीचा जो काही फायदा झाला तो सरळ, कमी कालावधीच्या वाणांतूनही मिळाला असता, आणि त्या फायद्यासाठी लांब हंगाम गळ्यात पडायचे कारण नव्हते. जनुक आणि संकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच पाकिटात आल्या, कारण संकरित बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येत नाही आणि कंपनीचा दरवर्षीचा धंदा टिकतो. यात कट वगैरे शोधू नये. कोणताही व्यापारी हेच करील. राज्याचे धोरण मात्र व्यापाऱ्याच्या सोयीने ठरण्याचे कारण नाही.

लांब हंगामाचा दुसरा दंड गुलाबी बोंडअळीने वसूल केला, आणि तो अधिक जड आहे. ही अळी हंगामाच्या शेवटाकडे वाढते. ऑक्टोबरपर्यंत तिची संख्या मर्यादित असते. पुढे एकापाठोपाठ पिढ्या होतात आणि डिसेंबरला बोंडेच्या बोंडे किडकी निघतात. पहिल्या बीटीला ती दाद देत नसल्याचे २०१० साली गुजरातेत मान्य झाले, पुढे दोन जनुकांचे दुसरे बीटीही निकामी झाले आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार उडाला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन सुमारे वीस जण गेले. त्या दुर्घटनेमागे बरीच कारणे होती, पण त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत शिरून माणसे फवारत होती, ही गोष्ट हंगामाच्या लांबीशी जोडलेलीच आहे. संकरित बियाण्याचा आणखी एक दोष फारसा बोलला जात नाही. संकरित झाडात बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्या सारख्या नसतात. दोन जनुकांच्या वाणात सोळांपैकी साधारण नऊ सरक्यांत दोन्ही विषे असतात, सहांत कोणते तरी एक, आणि एकीत एकही नसते. गुलाबी अळी बोंडात शिरून सरकीच खाते. तिला सौम्य-तीव्र मात्रांचा असा सराव मिळाला, की ती विष पचवायला शिकणारच. त्यावर आपण फरदडीचे खाद्य दिले. डिसेंबरात पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीला पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम मिळतो. अमेरिकेने २०१८ साली या अळीचे समूळ उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होते, वांझ पतंग सोडले जात होते, आणि त्याच्या जोडीला, कॅलिफोर्नियात पऱ्हाटी ठरल्या तारखेच्या आत नांगरून टाकण्याची कायद्याने सक्तीही होती. आपल्याकडे फरदड घेऊ नका असे पत्रक निघते. पत्रकाने फरदड थांबत नाही, कारण ऑक्टोबरात बोंडे गेलेल्या माणसाला भरपाईची दुसरी आशा नसते. ज्याचा कापूस नोव्हेंबरात घरात आला, त्याला पऱ्हाटी उपटून हरभरा टाकावासा वाटेल. बंदीपेक्षा हा मार्ग स्वस्त पडेल.

तुलनेचा प्रश्न निघाला की ब्राझीलचे नाव येते, आणि तिथे जरा सावध राहायला हवे. ब्राझीलची बरीचशी कपाशी पावसावरच असते आणि तरी ते हेक्टरी १,८०० किलोंच्या आसपास रुई काढतात, हे ऐकून आपल्याकडचे वक्ते भारावून जातात. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यात आपल्या यवतमाळ-वाशीमपेक्षा अधिक आणि अधिक सलग पाऊस पडतो. तिथली शेते हजारो हेक्टरांची आहेत, खत आणि फवारणीचा मारा प्रचंड आहे, वेचणी यंत्राने होते. महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. ब्राझीलचे उत्पादन आपण गाठू, अशी घोषणा करणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तिथून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की झाड लहान, संख्या दाट आणि बोंडे एकदम. गुजरातकडे बोट दाखवणाऱ्यांनाही एवढेच विचारावे: तिथल्या निम्म्याहून अधिक कपाशीला पाणी आहे, मग तिथे चाललेला वाण यवतमाळमधल्या दारव्ह्याच्या मुरमावर चालेल असे आपण कशावरून धरले? आणि पाणी असूनही लांब हंगाम अळीच्या तावडीतून सुटत नाही, हे गुजरातेनेच आधी दाखवले.

खत, कर्ज, तण यांचे काय, असे आपण विचाराल. या प्रत्येकावर स्वतंत्र पत्र लिहिता येईल, इथे थोडक्यात. कपाशीला नत्र लागते ते पाती-फुलांच्या सुमारास. पीककर्ज जुलै उलटून हातात पडते, तोवर शेतकरी उधारीवर मिळेल ते खत मिळेल तेव्हा टाकतो. युरिया स्वस्त, म्हणून तोच अधिक पडतो. झाड माजते, कोवळ्या पानांवर तुडतुडे येतात, फवारणी वाढते. पावसाची झड लागली आणि डवरणी-निंदण पंधरा दिवस लांबले, की तणाने आधीच ओल पिऊन टाकलेली असते. म्हणून तणनाशक सहन करणारे, गावात ‘चोर बीटी’ म्हणून ओळखले जाणारे बियाणे परवानगी नसतानाही खपते. छापे घालून ते थांबलेले नाही, कारण निंदणीच्या दिवसांत मजूर मिळत नाही हे दुखणे खरे आहे. या सगळ्यांत सामाईक गोष्ट वेळेची आहे. योग्य मात्रेचे खत तीन आठवडे उशिरा पडले, तर ते हिशेबाच्या वहीत दिसते आणि बोंडात दिसत नाही. आपल्या खात्याचे अहवाल वाटलेल्या टनांचे असतात, पडलेल्या तारखांचे नसतात.

आता दाट लागवडीवरचे आक्षेप. हे मला अधिक गंभीर वाटतात, कारण ते शेतातून येतात. पहिला खर्चाचा. बीटीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत २०२५च्या हंगामात ९०१ रुपये होती. एरवी एकरी दोन पाकिटे लागतात. ९० बाय १५ सेंटिमीटरवर एकरी सुमारे तीस हजार झाडे लावायची तर सहाएक पाकिटे, म्हणजे साडेपाच हजारांच्या घरात नुसते बियाणे. कोरडवाहू माणसाने हा जुगार खेळू नये, हे योग्यच आहे. केंद्राने २०२३-२४ पासून अतिघन लागवडीचा विशेष प्रकल्प सुरू केला आणि अकोल्याचे नाव त्यात गाजले. पण त्यात संकरित बियाणेच दाट लावण्याची वाटही धरली गेली, आणि अनुदान संपले की ती वाट बंद होते. दाट लागवड परवडते ती सरळ वाणाची. नागपूरच्या संस्थेचा ‘सुरज’, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘रजत’ आणि ‘पीकेव्ही ०८१’ असे वाण आहेत, त्यांच्या बीटी आवृत्त्याही तयार झाल्या. त्यांची सरकी शेतकरी राखू शकतो. दुसरा आक्षेप मशागतीचा. चौफुलीवर लावलेल्या कपाशीत डवरा आडवा-उभा फिरतो. दाट ओळीत तो एकाच बाजूने फिरेल आणि ओळीतले निंदण हातानेच करावे लागेल. हा तोटा खरा आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. झाडे लवकर ओळ झाकतात म्हणून पुढची निंदणी वाचते, एवढेच म्हणता येईल. तिसरा, जादा पावसाच्या वर्षी दाट कपाशी माजते, खालची बोंडे सडतात. वाढरोधकाची फवारणी वेळेवर न केल्यास पीक हातचे जाते. हे तंत्र शिकवावे लागेल. शिकवणारा कृषी सहायक मात्र आज पंचनामे, अनुदानाचे अर्ज आणि पोर्टलवरच्या नोंदींत बुडालेला आहे.

चौथा आक्षेप तत्त्वाचा आहे: शेतकऱ्याला कळत नाही का? त्याने स्वतःच संकरित वाण निवडला, त्याच्यावर दुसरे लादणारे आपण कोण? लादू नयेच. भारी, खोल काळ्या जमिनीत किंवा विहिरीचे पाणी असेल तिथे लांब हंगामाचा संकर आजही अधिक देऊ शकतो, आणि तिथल्या शेतकऱ्याने सरळ वाण घेतला तर त्याचा तोटाही होईल. म्हणूनच मी साऱ्या राज्याला एक वाण सुचवत नाही. एक वाण साऱ्या राज्याला, हाच तर आजचा रोग आहे. पण निवड म्हणायची तर दुकानात पर्याय असावा लागतो. देशात हजाराहून अधिक बीटी संकरांना मान्यता मिळाली, नावे रंगीबेरंगी, पण हंगामाची लांबी आणि लागवडीचे अंतर जवळपास तेच. सरळ वाणाची पिशवी तालुक्याच्या कृषी केंद्रात मागून पाहावी. बहुतेक ठिकाणी नाव तरी ऐकले आहे का असा चेहरा होतो. पाकिटावर अळी, उतारा, बोंडाचा आकार यांचे दावे ठळक अक्षरांत असतात. हा वाण किती खोलीच्या जमिनीसाठी, हे शेतकऱ्याला सर्वांत उपयोगी पडेल असे वाक्य मात्र शोधावे लागते. मातीची माहिती नाही म्हणावे, तर मृद सर्वेक्षण आणि भूमी-उपयोग नियोजनाची राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, कापूस संशोधन संस्थाही नागपुरातच. दोन्हींची माहिती एकत्र करून गावनिहाय शिफारस काढणे हे काही चांद्रयान नव्हे.

पाण्याबद्दल दोन शब्द हवेत, नाहीतर सिंचनाचा अनुशेष विसरून मी शेतकऱ्याला झाड छोटे करायला सांगतो, असा अर्थ निघेल. अनुशेष भरलाच पाहिजे. पण गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि काम अजून पुरते संपलेले नाही, हे ध्यानात घेता कालव्याची वाट पाहात शेतीचे धोरण आखता येत नाही; शिवाय यवतमाळ-वाशीमच्या उतारांवरची बरड जमीन कोणत्याही कालव्याच्या वर राहणार आहे. तिथे उपयोगी पडते ते संरक्षित पाणी. तीस बाय तीस मीटरच्या आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एका हेक्टरला पन्नास मिलिमीटरची एक पाळी द्यायला पाच लाख लिटर लागतात. बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता एक तळे दोन हेक्टर कपाशीला ऑक्टोबरात एक पाळी सहज देऊ शकते. इथे पुन्हा वाण आडवा येतो. छोट्या हंगामाच्या कपाशीला एक पाळी पीक तडीस नेते. लांब हंगामाच्या झाडाला तीच पाळी आणखी पाती फुटायचे निमित्त ठरते, आणि ती बोंडे भरायला पुन्हा पाणी नसते. तळ्यांवर झालेल्या खर्चाचे मोल करताना तळी किती खोदली यापेक्षा, बोंड भरण्याच्या पंधरवड्यात त्यातले पाणी कशाला गेले, हे तपासावे. प्लॅस्टिक अंथरून विहिरीच्या पाण्याने भरलेली तळी फळबागांना जगवतात. त्यांना विरोध नाही, पण ती कोरडवाहू कापसाच्या खात्यात दाखवू नयेत.

आणखी एक गोष्ट बाजाराची. आपण मोजतो कापूस. गिरणी विकत घेते रुई. शंभर किलो कापसातून एका वाणाची ३४ किलो रुई निघते, दुसऱ्याची ४०. फरक सहा किलोंचा, म्हणजे सतरा-अठरा टक्के जादा रुई, आणि तीही तेवढ्याच पाण्यावर. गावातला व्यापारी दोघांना एकच भाव देतो. जगभर वाण निवडताना रुईच्या उताऱ्याला अग्रक्रम मिळतो, आपल्याकडे मोठ्या बोंडाला मिळतो, कारण वजनकाट्यावर सरकीचेही पैसे होतात. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला आणि २०२५च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क त्या वर्षाच्या अखेरपर्यंत बाजूला ठेवले. अशा बाजारात एकरी उत्पादनाइतकाच क्विंटलमागचा खर्च महत्त्वाचा असतो. कमी फवारण्या, घरचे बियाणे, दोनच वेचण्या आणि डिसेंबरला मोकळे झालेले रान, एवढे साधले तर उत्पादन दोन क्विंटलांनीच वाढले तरी कोरडवाहू घराचा ताळेबंद बदलतो.

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेचे पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले. त्यातला महाराष्ट्राचा वाटा पुन्हा पाकिटांच्या अनुदानात जाणार असेल, तर पाच वर्षांनी हेच पत्र नव्या तारखेने लिहावे लागेल. आपल्या हातात असलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. हलक्या आणि मध्यम जमिनींच्या गावांची यादी करून तिथे १४०-१५० दिवसांच्या सरळ वाणांची शिफारस लेखी द्यावी. पाकिटावर कालावधी आणि जमिनीची खोली ठळक छापण्याची अट राज्यात विक्रीसाठी घालावी, आणि ती घालण्यात कायद्याची अडचण असेल तर केंद्राकडे तसा आग्रह धरावा. शासकीय खरेदीत रुईच्या उताऱ्यानुसार भावाचा फरक एका-दोन तालुक्यांत करून पाहावा. खात्याच्या आढाव्यात कर्जवाटप, खत आणि पहिली निंदणी यांच्या तारखा नोंदवाव्यात. सर्वांत निकडीचे काम महाबीजचे आहे. सरळ वाणाचे बियाणे खाजगी कंपनी पिकवणार नाही, कारण एकदा विकले की गिऱ्हाईक परत येत नाही. नेमक्या अशाच कामासाठी १९७६ साली अकोल्यात हे महामंडळ उभे राहिले. पैदासकार बियाण्याची मागणी विद्यापीठांकडे नोंदवणे, बीजोत्पादक शेतकरी ठरवणे आणि त्यांना खरेदीची हमी देणे हे सारे पेरणीच्या आधी व्हावे लागते. येत्या खरिपात बीजोत्पादनाचे प्लॉट लागले तर त्याच्या पुढच्या वर्षी काही हजार हेक्टरांपुरते बियाणे दुकानात येईल. तो हंगाम हुकला तर आणखी एक वर्ष जाईल. या वर्षीच्या आढावा बैठकीत महाबीजच्या अधिकाऱ्यांना आपण किती क्विंटल सरळ वाणाचे लक्ष्य देता, ते बैठकीच्या इतिवृत्तात छापावे, एवढी विनंती.

कळावे,
कोरडवाहू शेतीचा एक अभ्यासक